निळ्या भागातला नळ

पाण्याचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत : नकाशावरचे पाणी आणि इतर पाणी. इतर पाण्याचा काही भरवसा नसतो. ते आटते, गळते, गढूळ होते, उतार दिसला की कोणालाही न विचारता निघून जाते आणि नेमके गरजेच्या वेळी दुसऱ्याच्या दारात जाऊन बसते. नकाशावरच्या पाण्याचे तसे नाही. ते एकदा भरले की भरले. त्यावर शेवाळ धरत नाही, त्यात डास होत नाहीत, आणि भर उन्हाळ्यात नकाशा गच्चीवर वाळत घातला तरी त्याची पातळी केसभर खाली जात नाही. म्हणून शहाणी माणसे पाण्याचा विचार करताना नकाशावरच्या पाण्याचा विचार करतात. इतर पाण्याचा विचार त्यांनी, ज्यांना ते प्यावे लागते, त्यांच्यावर सोपवलेला आहे.

जलस्रोत आरेखन कार्यालय हे अशा शहाण्या माणसांचे कार्यालय होते. तळमजल्यावर भूजल विभाग, पहिल्या मजल्यावर पृष्ठजल विभाग आणि सर्वांत वर पर्जन्य विभाग. (ही रचना कोणी मुद्दाम केलेली नव्हती, पण पाहुण्यांना ती मुद्दाम दाखवली जाई.) पर्जन्य विभागाचे छत गळत असे, त्यामुळे त्यांना अभ्यासाचे साहित्य टेबलावरच मिळे. कार्यालयाच्या वार्षिक अहवालानुसार गेल्या पंचवीस वर्षांत या प्रदेशातील पाण्यात एका थेंबाचीही घट झालेली नव्हती. उलट दरम्यान ब्रश थोडे जाड आल्यामुळे नद्यांच्या रुंदीत समाधानकारक वाढच झाली होती.

कार्यालयात एक संज्ञा समितीही होती. कोणत्या पाण्याला काय म्हणायचे हे ती ठरवी. समितीचे सदस्य वृत्तीने अत्यंत काटेकोर होते आणि एकेका शब्दावर त्यांचा एकेक हंगाम जाई. त्यांच्या परिश्रमांची थोडी कल्पना यावी म्हणून काही संज्ञा इथे देतो :

तलाव : काळ्या रेषेने सर्व बाजूंनी बंद केलेली निळी आकृती. (आत पाणी असल्यास हरकत नाही.)

बारमाही नदी : अखंड निळी रेषा.

हंगामी नदी : तुटक निळी रेषा. (नदी रेषेच्या तुकड्यांतून वाहते की मधल्या मोकळ्या जागांतून, यावर उपसमितीचा अहवाल यायचा आहे.)

विहीर : वर्तुळ व त्यात टिंब. टिंब नसल्यास विहीर कोरडी आहे असे न समजता छपाईचा दोष समजावा.

पाणीटंचाई : ही संज्ञा घेता आली नाही, कारण तिला चिन्ह नाही. एका उत्साही कारकुनाने रिकाम्या घागरीचे चिन्ह सुचवले होते. घागर हा भांड्यांचा प्रकार असल्याने विषय आपल्या कक्षेबाहेरचा आहे, असे समितीने त्याला सौजन्याने कळवले.

तर या कार्यालयातले सगळे पाणी एकाच माणसाच्या हातून जाई. ते म्हणजे ज्येष्ठ आरेखक. कार्यालयात रंगीत छपाईचे यंत्र होते, पण त्यातली निळी शाई फार पूर्वी संपली होती (प्रदेशातील पाण्याच्या तुटवड्याची ही एकमेव अधिकृत नोंद), त्यामुळे मूळ नकाशात निळा रंग हातानेच भरला जाई आणि तो भरण्याचा अधिकार ज्येष्ठ आरेखकांकडे होता. त्यांना सगळे निळेकाका म्हणत. त्यांच्या उजव्या बाहीची कड निळी होती, नखे निळी होती, आणि लग्नाच्या फोटोत त्यांचा उजवा हात खिशात आहे. माणूस कामाचा पक्का. इतक्या वर्षांत त्यांनी एकही नदी काठाबाहेर जाऊ दिली नव्हती. पूरनियंत्रणाचे असे उदाहरण शोधून सापडणार नाही.

निळेकाकांच्या निष्कलंक आयुष्यात एकच अडचण होती. त्यांची थोरली बहीण तळ्याच्या मधोमध राहत होती.

ते तळे एके काळी खरोखरचे होते. मग ते आटले. मग त्यात मुले चेंडू खेळू लागली, चेंडू हरवू लागले इतके गवत वाढले, गवताच्या जागी भंगाराची दुकाने आली, भंगाराच्या जागी रस्ते आणि रस्त्यांच्या कडेने चार-चार मजली इमारती. एक दवाखाना झाला, एक शाळा झाली, छत्र्या दुरुस्त करणाराही एक येऊन बसला. ही सगळी प्रगती नकाशाप्रमाणे सहा मीटर खोल पाण्यात झाली. एवढ्या खोलीवर राहूनही ही माणसे सकाळी दाढी करून कोरड्या कपड्यांनी वेळेवर कामाला जात होती, ही गोष्ट खरे तर एखाद्या शास्त्रीय परिषदेत मांडण्यासारखी होती. पण तिथल्या लोकांना स्वतःचे कौतुक नव्हते. त्यांना नळ हवा होता.

ताईने नळासाठी अर्ज केला होता. पाणीपुरवठा खात्याने नकाशा पाहून उत्तर दिले होते. उत्तर सभ्य होते. त्यात म्हटले होते की अर्जदार जेथे राहतात तेथे पाणी मुबलक असल्याचे दिसते. सबब नळजोडणीची आवश्यकता सिद्ध होत नाही. शिवाय जलाशयात नळ सोडल्यास पातळी वाढून काठावरील रहिवाशांच्या जीवितास धोका संभवतो.

उत्तर आल्याच्या दुसऱ्या दिवशी निळेकाका ताईकडे गेले. ताईचे घर तिसऱ्या मजल्यावर. वर जायला जिना, आणि जिन्याला अशा पायऱ्या की गवंड्याने प्रत्येक पायरी वेगळ्या मनःस्थितीत बांधली असावी.

"ये दौत्या," ताई म्हणाली. लहानपणी निळेकाकांनी शाईची दौत स्वतःच्या डोक्यावर उपडी करून घेतली होती, तेव्हापासूनचे ते नाव. "पोहत आलास की चालत?"

निळेकाका आत आले. त्यांनी घरात पाहिले. बादल्या, पातेली, डबे, बरण्या, सगळे पाण्याने भरून ओळीत मांडलेले होते. भाऊजींना निवृत्तीच्या वेळी मिळालेला चषकसुद्धा काठोकाठ भरलेला होता. भाऊजी खिडकीजवळच्या पलंगावर होते. त्यांच्या डाव्या अंगाने मागच्या वर्षी संप पुकारला होता. जीभ मात्र कामावर हजर होती.

"पाहुण्याला पाणी दे गं," भाऊजी म्हणाले.

"त्याला कशाला? तो पाण्यातलाच माणूस."

ताईच्या मनगटाला पट्टी बांधलेली होती. निळेकाकांनी विचारले, "हे काय झालं?"

"जिन्यात पडले. बादली घेऊन येत होते."

"फार लागलं का?"

"मला नाही. बादलीला. सगळी सांडली."

आठवड्यातून दोनदा वस्तीत टँकर येई. ताई रांगेत उभी राही, मग दोन बादल्या तीन मजले चढवी, मग पुन्हा दोन. भाऊजींना रोज पुसून काढावे लागे, अंथरूण रोज धुवावे लागे. ताईचे वय असे की याच कामासाठी तिने दुसऱ्या कोणाला ठेवायला हवे होते. डॉक्टरांनी तिला सांगितले होते की जिना बंद करा, नाहीतर उद्या या घरात दोन पलंग लागतील. ताईने डॉक्टरांना सांगितले होते की दुसरा पलंग घालायला जागा नाही, तेव्हा चिंता नसावी.

"मला एक सांग," ताई म्हणाली. "ते निळं तूच रंगवतोस ना?"

"रंगवतो मी. ठरवत मी नाही."

"मग रंगवू नकोस."

"तसं नसतं ताई."

"कसं असतं?"

निळेकाकांनी कसे असते ते सांगितले. जलाशयाची व्याख्या सांगितली, नोंद सांगितली, नोंदीवरून नकाशा आणि नकाशावरून नोंद कशी पडताळली जाते तेही सांगितले. ताईने सगळे ऐकून घेतले.

"म्हणजे माझ्या घरात पाणी येत नाही, कारण माझ्या घरात पाणी आहे."

"नोंदीप्रमाणे, हो."

"मग त्या नोंदीलाच पाठव. यांना आंघोळ घालायची आहे."

"येताना साबण घेऊन ये म्हणावं," भाऊजी म्हणाले.

निळेकाका दुसऱ्या दिवशी साहेबांसमोर जाऊन उभे राहिले. साहेब म्हणजे कार्यालयाचे मुख्य अधिकारी. माणूस वाईट नव्हता. वाईट माणसाशी भांडता तरी येते. साहेब चहा मागवत, मान हलवत, सगळे पटले म्हणत, आणि चहा संपला की नियम सांगत.

"काका, तळं काढायला माझी काहीच ना नाही," साहेब म्हणाले. "मला त्या तळ्याचं काय लोणचं घालायचंय? पण जलाशय नकाशातून कमी करायचा तर पाहणी व्हायला हवी."

"मी पाहिलंय साहेब. तिथे बस थांबते."

"तुम्ही पायी पाहिलंत. जलाशयाची पाहणी होडीतून करायची असते. होडी तरंगत असताना, तीन ठिकाणी खोली मोजून."

या नियमामागे इतिहास होता. पूर्वी एका अधिकाऱ्याने चार तळ्यांची पाहणी सासऱ्यांच्या गच्चीवरून, जेवण झाल्यावर, आडवे पडून केली होती. तेव्हापासून पाहणी होडीतूनच, आणि होडी काठावर ठेवून कोणी तिच्यात नुसते बसू नये म्हणून ती तरंगत असतानाच, असे ठरले. नियम चांगलाच होता. आळशी माणसांना आळा घालणारे नियम चांगलेच असतात. ते कामसू माणसांना लागू होतात ही वेगळी गोष्ट.

"पण साहेब, तिथे पाणीच नाही."

"तेच तर आपल्याला सिद्ध करायचंय."

"पाणी नसेल तर होडी तरंगणार कशी?"

"हा तांत्रिक प्रश्न झाला," साहेब म्हणाले. "नावाड्याला विचारा."

कार्यालयाला स्वतःची होडी होती आणि तिच्यावर एक कायम नावाडी होता. होडी आवारात गाड्यांच्या शेडमध्ये, साहेबांच्या गाडीशेजारी उभी असे. नावाडी दर वर्षी तिला रोगण लावी, दुपारचा डबा तिच्यातच बसून खाई, आणि जेवून झाल्यावर वल्ही आत घेऊन तासभर पडे. नोकरीला लागल्यापासून त्याने होडी पाण्यात घातली नव्हती. त्यामुळे तिला एकदाही अपघात झाला नव्हता, आणि त्याबद्दल त्याला प्रशस्तिपत्र मिळाले होते.

"वीतभर पाणी असलं तरी चालेल काका," नावाडी म्हणाला. "होडी नाजूक आहे, फार मागत नाही. पण वीतभर तरी लागणार."

मग जे झाले ते इतके सरळ झाले की त्यात चूक कुठे झाली हे अजूनही कोणाला दाखवता आलेले नाही. पाहणीसाठी होडी हवी. होडीसाठी पाणी हवे. कार्यालयाने पाणीपुरवठा खात्याला पत्र लिहिले की अमुक जलाशयात पाणी नसल्याचे सिद्ध करण्यासाठी पाणी हवे आहे, तरी पाठवावे. खात्याने कळवले की सर्व टँकर सध्या त्याच वस्तीसाठी राखून ठेवलेले आहेत. कार्यालयाने कळवले की मग तर सोयच झाली, आम्हालाही तिथेच हवे आहेत. असा दोन खात्यांमधला मेळ क्वचितच पाहायला मिळतो.

पाहणीच्या दिवशी सकाळी सगळे तळ्यात जमले. ताईच्या इमारतीसमोर कोणीतरी नव्या बांधकामाचा पाया खणून ठेवला होता. तो खड्डा निवडण्यात आला. टँकर येताना पाहून वस्तीतले लोक भांडी घेऊन धावले. त्यांना दोरीमागे उभे करून समजावण्यात आले की आधी पाहणी, मग पाणी. टँकर खड्ड्यात रिकामे होऊ लागले. एका बाईने विचारले, "अहो, हे जमिनीत का ओतताय?" साहेबांनी दोरीजवळ जाऊन तिला आपुलकीने सांगितले, "तुमच्याच नळासाठी."

होडी खड्ड्यात उतरवली. साहेब तरंगते जाकीट घालून मध्ये बसले. निळेकाका खोली मोजायची काठी घेऊन पुढे बसले. नावाड्याने वल्ही धरली तेव्हा त्याचे डोळे भरून आले. त्याने मनापासून एकदा वल्हे मारले आणि होडी समोरच्या भिंतीवर आपटली. मग त्याने दुसऱ्या बाजूने मारले आणि ती मागच्या भिंतीवर आपटली. अशा रीतीने जलाशयाची लांबी निश्चित झाली.

तिसऱ्या मजल्यावरच्या कठड्याला टेकून ताई पाहत होती.

"दौत्या," तिने वरून हाक मारली, "काठाला लागलास की सांग. भात टाकते."

दोरीमागचे लोक हसले. निळेकाकांनी काठी पाण्यात घातली. हातभर. दुसऱ्या टोकाला घातली. हातभर. मध्ये घातली. तिथे गवंड्याचे विसरलेले घमेले होते, म्हणून जरा कमी.

"लिहा," साहेब लेखनिकाला म्हणाले. "होडी सुखरूप तरंगली. तिन्ही ठिकाणी पाणी आढळले. जलाशय अस्तित्वात आहे."

निळेकाका आयुष्यात पहिल्यांदा साहेबांचे बोलणे मध्येच तोडून बोलले. "साहेब, हे पाणी आपणच ओतलंय. आत्ता. सगळ्यांसमोर."

"काका, पाणी आहे की नाही, एवढंच विचारलेलं आहे. ते कुठून आलं ते उगम विभागाचं काम." साहेबांनी निळेकाकांच्या खांद्यावर हात ठेवला. होडी थोडी डुलली. "अहो, प्रत्येक तळ्यात पाणी कुठून तरी येतंच. डोंगरावरून येतं, ओढ्यातून येतं. इथे टँकरमधून येतं. ही या तळ्याची उपनदी आहे असं समजा."

समितीला ही कल्पना इतकी आवडली की पुढच्या नकाशात टँकरचा मार्ग तुटक निळ्या रेषेने दाखवण्यात आला. ही हंगामी उपनदी दोन चौक ओलांडते, पेट्रोल पंपावर थोडी रुंद होते आणि आठवड्यातून दोनदा वाहते.

पाहणी संपताच दोरी सोडली. लोक भांडी घेऊन खड्ड्यात उतरले. पाणी इतक्या वेगाने कमी झाले की साहेब उतरायच्या आत होडी तळाला टेकली आणि त्यांना चिखलातून उचलून आणावे लागले. साहेबांनी याची नोंद घेतली. नोंदीचे शब्द होते : जलाशयातून अनधिकृत उपसा. त्याच आठवड्यात वस्तीतल्या प्रत्येक दारावर नोटीस लागली. ताईला त्या दिवशी एक बादली गढूळ पाणी आणि एक नोटीस मिळाली. कागद जाड होता. तिने तो बादलीवर झाकण म्हणून ठेवला.

नव्या आवृत्तीचा नकाशा निळेकाकांच्या टेबलावर आला. त्यांनी रंग कालवला आणि उत्तरेकडून सुरुवात केली. नद्या झाल्या, कालवे झाले, धरणाचा जलाशय झाला. ताईच्या तळ्यापाशी आल्यावर ब्रश थांबला. अख्खे तळे पांढरे सोडणे शक्य नव्हते. साहेबांच्या लगेच ध्यानात आले असते, आणि शिवाय नकाशासूचीप्रमाणे बंद रेषेतला पांढरा रंग म्हणजे 'माहिती उपलब्ध नाही', आणि माहिती नसलेल्या ठिकाणी नळ कोण टाकतो? निळेकाकांनी बराच वेळ विचार केला. मग ते कडेकडेने निळे भरत आले आणि मध्यभागी तांदळाच्या दाण्याएवढी जागा तशीच सोडली. ताईची इमारत बरोबर तिथे होती. त्या दाण्याभोवती त्यांनी काळ्या शाईने बारीक रेघ ओढली. ते बेट झाले.

आयुष्यभर त्यांनी नोंदीत नसलेला एकही ठिपका नकाशात कधी टाकला नव्हता. त्या संध्याकाळी ते बसमध्ये चढले तेव्हा त्यांना वाटले, सगळे आपल्या बाहीकडे बघतायत. कोणी बघत नव्हते.

साहेबांना बेट चौथ्या दिवशी दिसले. त्यांनी भिंगातून पाहिले, पुन्हा पाहिले आणि निळेकाकांना बोलावले. निळेकाका राजीनामा खिशात घालून गेले.

"बेट छान आलंय काका," साहेब म्हणाले.

संज्ञा समितीची तातडीची बैठक झाली. बेट म्हणजे सर्व बाजूंनी पाण्याने वेढलेला भूभाग, हे जगन्मान्य आहे. ज्या अर्थी बेट आहे, त्या अर्थी सर्व बाजूंनी पाणी आहे. होडीच्या पाहणीबद्दल वस्तीतून काही कुजबुज चालू होती, ती या पुराव्याने कायमची बंद झाली. समितीने निळेकाकांच्या निरीक्षणशक्तीबद्दल अभिनंदनाचा ठराव केला. त्यांनी राजीनामा खिशातच ठेवला. बेट जमिनीत मोडते, जमिनीवरच्या माणसाला नळ मिळतो, एवढे एकच त्यांना त्या क्षणी दिसत होते.

आणि नळ मंजूर झालाही. पाणीपुरवठा खात्याने लिहिले की बेटावरील नळजोडणीस मंजुरी देण्यात येत आहे. मात्र नळ तलावाच्या तळावरून न्यावा लागणार असल्याने काम सुरू करण्यापूर्वी तलाव रिकामा असल्याचा दाखला जोडावा. असा दाखला जलस्रोत आरेखन कार्यालय देते. होडीतून पाहणी करून.

निळेकाका हे पत्र घेऊन ताईकडे गेले तेव्हा ताई रिकाम्या बादल्या जिन्यात लावत होती. ओळीतली भांडीही पालथी होती. चषकसुद्धा.

"आज टँकर आला नाही का?"

"आला होता. पण मला नाही." ताई शांतपणे म्हणाली. "तो म्हणाला, मावशी, तुमचा नळ मंजूर झालाय, यादीतून तुमची इमारत कमी केली. रांगेतली एक म्हणाली, या बेटावरच्या, यांना काय कमी?"

निळेकाका पायरीवर बसले.

"दौत्या, तळ्यात होते तेव्हा निदान टँकर तरी यायचा रे."

"मला वाटलं होतं..."

"कळलं मला तुला काय वाटलं ते. बसू नकोस तिथे, ती पायरी हलते."

त्यानंतर निळेकाका रोज संध्याकाळी कार्यालयातल्या पाण्याच्या यंत्रातून दोन कॅन भरून बसने ताईकडे नेऊ लागले. कंडक्टर सामानाचे वेगळे तिकीट मागे. तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत त्यांना धाप लागे. पहिल्या दिवशी भाऊजी कॅनकडे पाहून म्हणाले, "पाण्याच्या खात्यातून अखेर पाणी आलं. आता माझा सरकारवर राग नाही." ताईने टॉवेल ओला केला आणि भाऊजींची पाठ पुसायला घेतली. दोन कॅन त्यात संपले. इमारतीतल्या इतर बिऱ्हाडांनी दारे किलकिली करून पाहिले आणि पुन्हा लावून घेतली. त्यांच्या घरातले कोणीच आरेखक नव्हते.

पण कार्यालय एकतर्फी वागणारे नव्हते. नकाशा कायम करण्यापूर्वी तो जनतेसमोर ठेवला जाई आणि हरकती मागवल्या जात. एक जरी रीतसर हरकत आली, तरी त्या जलाशयाची नोंद स्थगित ठेवावी लागे, आणि नोंद स्थगित असेपर्यंत पाणीपुरवठा खात्याला ती जागा जमीन समजावी लागे. निळेकाकांना ही तरतूद माहीत होती. तिचा वापर कोणी केल्याचे मात्र त्यांना आठवत नव्हते. नकाशा कार्यालयाच्या दर्शनी भिंतीवर लागला, शेजारी कुलूप लावलेली पेटी ठेवली आणि सूचना सर्व वर्तमानपत्रांत प्रसिद्ध झाली. (आतल्या पानावर, हरवलेल्या पाकिटांच्या खाली.)

सगळ्यात आधी ताईने हरकत लिहिली. ती परत आली. हरकतदाराचा पत्ता नकाशाप्रमाणे जमिनीवर असावा लागतो. वस्तीतले लोक पाण्यात राहत असल्याने त्यांच्या हरकती विचारात घेता येत नव्हत्या, कारण माणसे पाण्यात राहत नाहीत. ताई आता बेटावर होती हे खरे, पण बेटाची नोंद नकाशा कायम झाल्यावर होणार होती. निळेकाका स्वतः कर्मचारी, म्हणून अपात्र. उरले ते पांढऱ्या भागातले, म्हणजे नकाशाप्रमाणे जमिनीवर राहणारे लोक. कोणीही चालणार होते. चार ओळी, एक सही आणि पत्ता.

निळेकाका बसमध्ये लोकांना सांगू लागले. आयुष्यात अनोळखी माणसाशी न बोललेला हा गृहस्थ शेजारच्या सीटवरच्याला बाहीची निळी कड दाखवून तळ्याची गोष्ट सांगू लागला. लोक फार चांगले होते. सगळ्यांनी ऐकून घेतले. सगळे हसले, विशेषतः होडीच्या भागाला. "काय एकेक नमुने असतात," असे म्हणाले. "कमाल आहे," असेही म्हणाले. दोघांनी पेटी कुठे आहे ते विचारून घेतले आणि एकाने तर म्हटले की हे कोणीतरी लिहायला हवे.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी निळेकाका पेटीशेजारी खुर्ची टाकून बसले. कार्यालय सुटल्यावर साहेबांनी पेटी उघडली. आत गोळीचा एक कागद होता आणि कोणीतरी चुकून टाकलेले विजेचे बिल.

"बघा काका," साहेब म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात खरेच समाधान होते. "मी उगाच काळजी करत होतो. एकमताने."

निळेकाकांनी कॅन उचलले, कारण बसची वेळ झाली होती.

नकाशा कायम झाला. पांढऱ्या भागातील समस्त नागरिकांनी या तलावास एकमुखाने संमती दिल्याबद्दल कार्यालयाने त्यांचे जाहीर आभार मानले आहेत. समस्त नागरिक म्हणजे नेमके कोण, असे कोणाला वाटत असेल तर त्यांनी उठून घरातला नळ उघडून पाहावा. पाणी आले, तर ते आभार आपलेच आहेत.